पाणी कुठं अडवलं?

आमच्या घरी मुलीची सोयरीक आली की पत्रिका नंतर बघतात. आधी मुलीचा मामा समोरच्याला ओसरीवर बसवतो, तांब्याभर पाणी देतो आणि तीन गोष्टी विचारतो. तुमचा मूळ पुरुष कोण? तो आपलं गाव सोडून आला कायले? आणि येऊन त्यानं पाणी कुठं अडवलं? आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. ज्याच्या घराण्यानं कुठंच पाणी अडवलं नाही त्याला आम्ही नावं ठेवत नाही, पण त्याच्या पानावर दुसरा वडा जरा उशिरा येतो. माझ्या लग्नात सासरच्यांनी मोठ्या अभिमानानं आपली बोडी दाखवली होती. म्हशी डुंबतील एवढं पाणी, आणि म्हणे तलाव! माझे मामा त्यावरून आमच्या ह्यांना शेवटपर्यंत चिडवत राहिले.

माझी मुलगी अमेरिकेत शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि एके दिवशी फोनवर सांगून मोकळी झाली की तिथल्याच एका पोराशी लग्न करणार. मी गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. मेथी हातातच राहिली. तिचे बाबा म्हणाले, "अच्छा है, करने दो." हे गोंदियातच जन्मले, गोंदियातच वाढले. आनंद झाला की हिंदीत बोलतात आणि कुठल्याही गोष्टीला हो म्हणतात. त्यांच्या होकाराला घरात कोणी विचारत नाही, हे मुलीलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "आई, मामा मागं उभा राहिला तरच मी मांडवात येईन. नाहीतर लग्नच करणार नाही."

झालं! घोडं नेमकं तिथंच अडणार होतं. मामा म्हणजे माझा मोठा भाऊ. केशोरीच्या पलीकडं आमचं माहेरचं गाव, तिथला तलाव आणि तलावाखालची धानाची शेती तोच सांभाळतो. त्याला मुलगी नाही. माझ्या पोरीला सुट्टीत खांद्यावर बसवून त्यानं तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून मिरवलं, पोहायला शिकवलं, तिच्यासाठी गावभर भांडला. राग त्याच्या नाकावर. माझ्याही. एकाच आईची लेकरं आम्ही, वाटणी सारखी झाली आहे.

पोरगा आला तेव्हा धान निसवायला लागला होता आणि तलावाचं पाणी नुकतंच शेतात सोडलं होतं. आम्ही चौघं गाडीनं गावाला गेलो. पोरगा ताडमाड उंच, दारातच चौकटीला कपाळ आपटलं. भाऊनं लगेच हळद लावली, त्यामुळं बोलणी सुरू व्हायच्या आधीच त्याला अर्धी हळद लागली, असं हे म्हणाले. भाऊ हसला नाही. त्यानं पोराला चटईवर बसवलं, पाणी दिलं. मुलगी दोघांच्या मध्ये बसली, इकडचं इंग्रजी तिकडं आणि तिकडची झाडीबोली इकडं करायला.

"तुमचा मूळ पुरुष कोन?" भाऊनं विचारलं.

मला वाटलं पोरगा आता गडबडणार. कसचं काय! तो एकदम खुलला. त्यांच्याकडे म्हणे हिवाळ्याच्या तोंडावर सगळं गोत एका घरी जमतं, मोठा पक्षी भाजतात आणि जेवण झाल्यावर घरातला म्हातारा हीच गोष्ट सांगतो. त्यांचा मूळ पुरुष इंग्लंडातला, पिठाची चक्की चालवणाऱ्याचा धाकटा मुलगा. बायको, एक लोखंडी भांडं आणि बियाण्याची पिशवी घेऊन लाकडी जहाजात बसला. समुद्रात इतक्या उलट्या झाल्या की पुन्हा जन्मात जहाजावर चढणार नाही अशी त्यानं शपथ घेतली, म्हणून ते घराणं तिकडेच राहिलं.

"पर आला कायले?"

"कारण तिकडे बापाची सगळी जमीन मोठ्या मुलाला जायची. धाकट्यांना काही नाही."

"सगळी मोठ्याले?" भाऊनं बाहेर शेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पद्धत चांगली आहे."

"भाऊ!" मी डोळे वटारले. या गोष्टीवर आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं आणि मी माझा हिस्सा घेऊन राहिले होते. तो मिशीतल्या मिशीत हसला. पोराला कळलं नाही, पण तोही हसला.

मग तिसरा प्रश्न आला. मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. हे सुपारी चघळायचे थांबले. "पानी कुठी अडवलं?"

पोरगा म्हणाला, "ओढ्यावर. बांध घातला, तलाव केला आणि त्याच्या पाण्यावर चक्की चालवली. चक्की गेली, तलाव अजून आहे. मी त्यातच पोहायला शिकलो."

भाऊ असा सरसावून बसला की चटई सरकली. पार मातीची का दगडाची? सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट, ती कोणत्या अंगाला? तुडूम, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाचं बूच, ते काढायला माणूस पाण्यात उतरतो का वरूनच ओढतो? पोरानं तांब्यातलं पाणी बोटानं सारवलेल्या जमिनीवर ओढून अख्खा तलाव काढून दाखवला. भाऊनं त्यात आपलं बोट घालून सलंगेची चूक काढली. "एवढी अरुंद काऊन ठेवली? फुटन ना पार!" पोरगा म्हणाला, एकदा फुटली होती. भाऊनं आत हाक मारली, "अवो, पाव्हन्याले वडे आना!" लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आले. दुसरा आला, तिसरा आला. मी मनात लग्नाच्या साड्या निवडायला लागले.

पोराला चेव आला. म्हणाला, "हिवाळ्यात आम्ही तलावावरून चालत पलीकडे जातो."

"पारीवरून," भाऊ म्हणाला.

"नाही मामा, पाण्यावरून," मुलगी म्हणाली. "पाण्याचा बर्फ होतो. पोरं त्यावर घसरून खेळतात."

भाऊनं पोराकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाला, "बाई, पोट्टा चांगला आहे. थोडा फेकते, पर चांगला आहे."

इथंच उठायला पाहिजे होतं. पण भाऊ हात धुता धुता सहज बोलून गेला, "तो आला तवा तिथी पहिले कोन राहत होते? त्यायले इचारलं ना पानी अडवाच्या आधी?"

मुलीनं हे इंग्रजीत सांगितलंच नाही. "मामा, राहू दे ना," म्हणाली. "काऊन?" भाऊ म्हणाला. पोरगा तिला विचारू लागला की काय म्हणताहेत. शेवटी तिनं सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. तो म्हणाला, तिथं आधीची माणसं होती. त्या ओढ्यात समुद्राकडून मासे चढून यायचे आणि ते त्या माशांवर जगायचे. बांध घातला आणि मासे यायचे बंद झाले. माणसंही हळूहळू निघून गेली, म्हणजे त्यांना घालवलं. कोणी कोणाला विचारलं नाही. "आमच्या जेवणात ही गोष्ट कोणी सांगत नाही. मला कॉलेजात गेल्यावर कळली."

अरे बापा! मला त्या पोराचा असा संताप आला म्हणून सांगू. चार वडे रिचवले, एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? राजानं सनद दिली होती म्हण, कोणी बक्षीस दिलं होतं म्हण. इथून अमेरिकेला जाऊन कोण खात्री करणार होतं? खोटं बोलायची साधी अक्कल नाही आणि चालला संसार करायला.

भाऊनं हात पुसले. पंचा खुंटीला टांगला. आणि आम्ही लहानपणापासून ऐकलेली आमची गोष्ट सांगितली. आमचा मूळ पुरुष वरच्या मुलखातून आला, तेव्हा इथं जंगल आणि एक गोंडाचं घर होतं. म्हातारा आधी त्या घरी गेला, हात जोडून म्हणाला, बाबा, इथं पाणी अडवू का? त्यांनी हो म्हटलं, मगच कुदळ घातली. म्हणून आजही धानाला पाणी सोडायच्या दिवशी त्या घरचा माणूस येऊन नारळ फोडतो, आणि त्याशिवाय तुडूम निघत नाही.

"ज्यानं इचारलं नाई, त्याच्या घरी आपली पोरगी नाई," भाऊ म्हणाला. "मी मंडपात नाई उभा राहत."

मी तणतणले. "शेकडो वर्षांपूर्वी त्याच्या कोण्या म्हाताऱ्यानं काय केलं, त्याची शिक्षा या पोराला?"

"तं मंग मूळ पुरुष इचारतो कायले आपन?" भाऊ म्हणाला. "नुसतं चांगलं चांगलं ऐकाले?"

त्या रात्री मी जेवले नाही. भाऊचं बोलणं पटलं की मला जेवण जात नाही. मुलगी परसात जाऊन रडली. मामावर चिडली असती तर बरं होतं. पण ती चिडली नाही, नुसती रडली. तिच्या मागे उभा राहायचा माणूस गेला होता.

सकाळी चहा ठेवला तर मुलगी आणि पोरगा दोघंही घरात नव्हते. "घूमने गए होंगे," हे म्हणाले. ह्यांचं काय, आकाश कोसळलं तरी म्हणतील घूमने आया होगा. मी रस्त्यावर जाऊन पाहिलं तर लांबून तिघं येताना दिसले. पुढे काका, मागे हे दोघं. काका म्हणजे त्याच गोंडाच्या घरचे म्हातारे, ज्यांच्या हातचा नारळ आमच्या तलावाला लागतो. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी, आणि खो खो हसत होते.

ओसरीवर टेकले आणि भाऊला म्हणाले, "तुमचा पाव्हना मायाकडे आला ना जी! म्हने, या गावात येऊ का? इथली पोरगी नेऊ का? म्या म्हटलं, पोरगी त्यायची, मले काऊन इचारते? तं म्हने, पहिले तुमी होते म्हनून."

पोराचा असा समज झाला होता की या गावात काही करायचं तर आधी काकांची परवानगी लागते. आमच्या नारळाची गोष्ट त्यानं अशी सरळ घेतली होती. आमच्यापैकी कोणी त्या घरी कधी काही विचारायला गेलं नव्हतं. नारळ घरपोच पाठवायचो आणि ते यायचे, एवढंच.

भाऊचा चेहरा थोडा सैल झाला. अभिमानानं म्हणाला, "आमच्या मूळ पुरुषानंही असंच इचारलं होतं, काका."

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. "कोनं सांगतलं?"

"आमच्या घरी सांगतेत."

"आमच्या घरी दुसरं सांगतेत," काका म्हणाले. रागानं नाही. धानाचा भाव सांगावा तसं. "तुमचा म्हातारा आला, त्यानं पानीच अडवलं. आमच्या देवाचा ओटा होता, तो तलावात गेला. मंग पार बांधली का फुटे, बांधली का फुटे. तीनदा-चारदा फुटली तवा आला नारळ घेऊन. इचाराले नाई आला बापा. पार टिकाव म्हनून आला."

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मधोमध दगडांचा एक ओटा उघडा पडतो. लहानपणी आम्ही त्याला म्हशीचा ओटा म्हणायचो. त्यावर बसून चिंचा खाल्ल्या, त्यावरून पाण्यात उड्या मारल्या, कपडे वाळत घातले. भाऊनंच मला त्यावर हात धरून चढवलं होतं.

"इतके वर्स बोलले काऊन नाई?" भाऊनं विचारलं.

"तुमी इचारलं कवा?" काका म्हणाले. "नारळ देता. चांगला देता, पान्यानं भरलेला. मी नाई काऊन म्हनू?" मग बशी तोंडाला लावून उरलेला चहा संपवला आणि पोराच्या पाठीवर थाप मारली. "हा पोट्टा मात्र इचारून गेला. म्या म्हटलं, ने."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! काल ज्या पोराच्या म्हाताऱ्याला आम्ही ओसरीवर उभं करून झोडपलं, त्याच्याच शेजारी आमचाही म्हातारा येऊन उभा राहिला. मला आतून हसू फुटत होतं, पण भाऊकडे पाहिलं आणि गिळलं. त्यानं खांद्यावर पंचा टाकला आणि तो तलावाकडे निघून गेला. दुपारपर्यंत पारीवर पाठ करून बसला. मी चहा घेऊन गेले. चहा संपवला, कप तलावाच्या पाण्यात विसळला. शेवटी म्हणाला, "जा तुमी. पाहू."

माघातली तारीख धरली. फोन केला की भाऊचं एकच, "पाहू." मी स्वतः अक्षत घेऊन गेले. त्यानं पत्रिका घेतली, देवापुढे ठेवली, मला जेवायला वाढलं आणि म्हणाला, "पाहू." त्या माणसाचं पाहणं काही संपेना. मुलीला मी सांगितलं, येईल गं, येतो की नाही बघ. तिला सांगत होते आणि मलाच खात्री नव्हती.

लग्नाच्या दिवशी फुलचूरचा मांडव भरला. गोरज मुहूर्त. पोरगा मुंडावळ्या बांधून पाटावर उभा, वर मांडवाच्या दिव्यांची माळ त्याच्या डोक्याला लागत होती. त्याचे आई-बाप रेशमी कपड्यांत घामाघूम होऊन सगळ्यांना नमस्कार करत होते, आचाऱ्यालासुद्धा. आणि नवरी आतल्या खोलीत दार लावून बसलेली. भाऊचा फोन बंद. हे म्हणाले, "कोई भी मामा खड़ा कर देते हैं ना." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मंडपाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले ते गेलेच. मी दारावर टकटक केली. आतून मुलगी म्हणाली, "आई, मामा आला का?" मी म्हटलं, येतोय. ती म्हणाली, "मग येऊ दे."

भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्त टळला, बाई."

"तर दुसरा काढा," मी म्हटलं. "तुमच्याकडे मुहूर्तांचा दुष्काळ आहे का?"

तेवढ्यात मांडवाबाहेर गाडी थांबली. भाऊ उतरला. नवं धोतर, पाय मात्र धुळीनं भरलेले. त्यानं दार धरलं आणि मागून काका उतरले, पांढरा पटका बांधून. मी तशीच शालूत धावले. चारचौघांचं भान राहिलं नाही.

"मेला होतास कुठं?"

"काकाकडे होतो. सकाळपासून."

"काय करून राहिला होतास तिथं?"

"इचारून राहिलो होतो," भाऊ म्हणाला. माझ्याकडे न पाहता म्हणाला. "आमी इथी रायतो, पानी अडवलं, चालते का म्हनून."

मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "म्या म्हटलं, बस. एवढ्या वर्सानं आला, घाई काऊन करते? बसला बिचारा. दुपार झाली तवा सांगते, आज भाचीचं लगन आहे! म्या म्हटलं, अरे येड्या, उठ. आधी पोरीले उभी करू, तुयं मंग पाहू."

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. नाक पुसत आत गेले आणि दार वाजवलं. दार उघडलं ते मी काही बोलायच्या आधीच. मुलीनं मामाचा आवाज ओळखला होता.

भाऊ तिच्या मागे उभा राहिला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. काकांनी मूठभर अक्षता नेम धरून जावयाच्या डोक्यावर टाकल्या. सगळं आटोपल्यावर भाऊ जावयाच्या कानाशी गेला. मला वाटलं आशीर्वाद देतोय. तो मुलीला म्हणाला, "याले इचार, ते मासेवाले लोक अजून आहेत का कोनी तिकडे?"

"आहेत म्हणतो. बरेच आहेत."

"तं सांग त्याले, जाऊन येजो. हात हालवत नोको जाऊ म्हनाव."

जावयानं मान डोलावली. डोक्यातल्या अक्षता खाली पडल्या.

पंगत उठली. काकांनी पोटभर जेवून हात धुतले, सुपारी तोंडात टाकली आणि गाडीकडे निघाले. भाऊ त्यांच्या मागे मागे. मी त्या दोघांच्या मागे, कारण मलाही ऐकायचं होतं.

"मंग काका? मायं काय?"

काकांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "पुढल्या साली इचारजो," म्हणाले आणि गाडीत बसले.

तेव्हापासून धानाला पाणी सोडायच्या आधी भाऊ दरसाल काकांच्या घरी जातो. नारळ आता पाठवत नाही, घेऊन जातो. ओसरीवर बसतो, विचारतो. काका दरसाल त्याला चांगलं ताटकळत ठेवतात आणि तेच उत्तर देतात, आणि भाऊ परीक्षा पास झाल्यासारखा घरी येतो. यंदा मी तिथंच होते. दोघं पारीवर उभे होते, काका पुढे, भाऊ मागे. मी भाऊला हळूच विचारलं, "का रे, आणि एखाद्या साली काका नाही म्हणाले तर?"

"तेच भेव घेऊन तं जातो, बाई," भाऊ म्हणाला आणि तुडूम काढायला काकांच्या मागून पाण्यात उतरला.